वाचकांचे प्रश्न : इंग्रज आधी कोण होते?

गेल्या अंकात पांडवलेण्यांवर लिहिलं होतं, की नाव पांडवांचं असलं तरी त्रिरश्मी डोंगरातली ती २४ लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत आणि आतले शिलालेख सातवाहनांचे नि क्षत्रपांचे आहेत. त्यावर नाशिकमधून भरपूर पत्रं आणि मेसेज आले, आणि बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की ज्यांनी आपला इतिहास लिहून काढला त्या इंग्रजांच्या स्वतःच्या घरी काय परिस्थिती आहे, त्यांच्याकडेही अशा दंतकथा असतील ना. म्हणून या वेळी सगळं सदर त्यालाच दिलंय.

मी पंचवटीतला निवृत्त शिक्षक. ३२ वर्षं इतिहास शिकवला. आमच्या पुस्तकात इंग्रज उगवायचे ते थेट सुरतेच्या वखारीत, त्याआधी ते कोण होते, कुठून आले हे शिकवायची वेळच आली नाही. आणि इंग्रज व ब्रिटिश हे आपण एकच समजतो, ते बरोबर आहे का?

सर, आधी दुसरा प्रश्न घेतो, तो सुटला की पहिला अर्धा सुटतो. एकच नाहीत. इंग्लंड आणि स्कॉटलंड मिळून एक राज्य झालं ते १७०७ मध्ये. म्हणजे १६७४ ला शिवरायांच्या राज्याभिषेकाला रायगडावर आलेला हेन्री ऑक्झिंडेन हा खरोखर इंग्रजांचा वकील होता, एकत्र ब्रिटिश राज्य तेव्हा जन्मालाच आलेलं नव्हतं. आपल्याकडे 'इंग्रज' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि पुढे स्कॉटिश असो, आयरिश असो, सगळे टोपीकर त्याच एका शब्दात बसले. स्कॉटलंडच्या माणसाला आज इंग्रज म्हणून बघा, लगेच दुरुस्त करेल.

आता ते कुठून आले. तिथे मूळचे लोक होते ब्रिटन, रोमन लोकांनी सुमारे साडेतीनशे वर्षं त्यांच्यावर राज्य केलं आणि साधारण ४१० च्या सुमारास रोमन सत्ता तिथून उठली. त्यानंतर समुद्रापलीकडून, म्हणजे आजचा उत्तर जर्मनी, डेन्मार्क या पट्ट्यातून, अँगल, सॅक्सन आणि ज्यूट अशा टोळ्या येऊन वसल्या. आंगेल्न नावाचा भाग आजही जर्मनीत डेन्मार्कच्या सीमेजवळ आहे, तिथले ते अँगल, अँगलांची भूमी ती इंग्लंड. दंतकथा अशी सांगतात की व्होर्टिगर्न नावाच्या ब्रिटन राजाने शत्रूशी लढायला हेंगिस्ट आणि हॉर्सा या दोन भावांना भाड्याने बोलावलं आणि ते परत गेलेच नाहीत. या दोन्ही नावांचा अर्थ घोडा असाच होतो, त्यामुळे ही माणसं खरी होती का याबद्दल अभ्यासकांना शंका आहे.

या सगळ्यांना मिळून 'इंग्रज लोक' असं एक नाव देऊन त्यांचा सलग इतिहास लिहिला तो बीड नावाच्या एका ख्रिस्ती साधूने, नाव आपल्या जिल्ह्यासारखं आहे खरं. जॅरोच्या मठात बसून ७३१ मध्ये त्याने लॅटिनमध्ये हा ग्रंथ पुरा केला, आणि तेव्हा इंग्लंड नावाचं एक राज्य नव्हतंच, वेगवेगळे राजे एकमेकांशी भांडत होते. म्हणजे देश नंतर झाला, देशाची गोष्ट आधी लिहून झाली होती! आणि एक शब्द सांगतो सर, तुम्हाला आवडेल. सॅक्सनांनी मूळच्या ब्रिटन लोकांना जो शब्द वापरला त्याचा अर्थ 'परका' असा होतो, त्यावरूनच आजचा वेल्श, म्हणजे ब्रिटनच्या पश्चिमेकडच्या वेल्सचे लोक, हा शब्द आला. बाहेरून आलेल्यांनी घरच्यांना परकं म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. वेल्श लोक स्वतःला मात्र कुम्री म्हणतात, म्हणजे एका मुलखातले सोबती.

मी गंगापूर रोडच्या कॉलेजात एस.वाय.बी.ए.ला आहे. आमच्या ग्रुपमध्ये राजा आर्थरवरून जाम वाद झाला. एक मित्र म्हणतो तो खरा होता, मैत्रीण म्हणते सगळं काल्पनिक, आणि तिसरा म्हणतो आर्थर म्हणजे इंग्रजांचे शिवाजी महाराज. कोण बरोबर?

मित्रा, तिघांत सगळ्यात जास्त चुकलाय तो तिसरा. महाराजांची पत्रं आहेत, नाणी आहेत, किल्ले उभे आहेत, शत्रूच्या दप्तरातसुद्धा त्यांची नोंद आहे. आर्थरच्या काळातला एकही कागद त्याचं नाव घेत नाही. सहाव्या शतकात गिल्डास नावाचा ब्रिटन साधू होऊन गेला, त्याने सॅक्सनांविरुद्धच्या बेडन डोंगराच्या मोठ्या लढाईबद्दल लिहिलंय, अँब्रोसियस नावाच्या सेनानीचं कौतुक केलंय, पण आर्थर हे नाव त्यात नाही. ते पहिल्यांदा भेटतं सुमारे ८३० च्या एका लॅटिन ग्रंथात, आणि तिथेही तो राजा नाही तर राजांच्या बरोबरीने लढणारा सेनापती आहे, बारा लढाया जिंकतो आणि बेडनला एका हल्ल्यात एकट्याने ९६० माणसं मारतो. तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं त्यामुळे बरंच बळकट आहे, पण या नावामागे कुणीच माणूस नव्हता असंही छातीठोक म्हणता येत नाही.

पण मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. आर्थर लढला कुणाशी? सॅक्सनांशी. म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांशी! तो वेल्श लोकांचा, हरलेल्यांचा वीर. मग तो इंग्रजांचा लाडका राजा कसा झाला, हे नीट समजून घ्यायला पाहिजे.

११३६ च्या सुमारास मॉनमथच्या जेफ्रीने ब्रिटनच्या राजांचा एक 'इतिहास' लिहिला. त्यात ग्रीक कथांमधल्या ट्रॉय शहरातून निसटलेल्या घराण्यातला ब्रूटस जहाजाने येतो, बेटावरच्या राक्षसांना हरवतो, त्याच्या नावावरून ब्रिटन हे नाव पडतं आणि तो टेम्सकाठी नवं ट्रॉय वसवतो, तेच पुढचं लंडन. आपल्याकडे कसं राजघराणी आपली वंशावळ सूर्य नाहीतर चंद्रापर्यंत नेऊन पोचवतात, तसं युरोपात ट्रॉयपर्यंत नेऊन पोचवायचे. त्याच पुस्तकात आर्थर एकदम सम्राट झाला, मर्लिन जादूगार आला. पुढे आर्थर नि त्याचे सरदार बसायचे ती गोलमेज आली ती ११५५ च्या फ्रेंच काव्यात, त्याचा सरदार लॅन्सलॉट आणि राजधानी कॅमेलॉटही फ्रेंच कवींनीच आणले. आणि हे वाचत कोण होतं, तर १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकलेले नॉर्मन राज्यकर्ते, ते स्वतःच फ्रेंच बोलणारे, त्यांना सॅक्सन पूर्वजांचं काय पडलेलं, उलट सॅक्सनांना झोडपणारा राजा त्यांना सोयीचाच होता.

मग ११९१ च्या सुमाराला ग्लॅस्टनबरीच्या मठात साधूंनी खोदकाम केलं आणि सांगितलं की आर्थरची कबर सापडली. ११८४ मध्ये तो मठ आगीत जळाला होता, बांधकामाला पैसा हवा होता, यात्रेकरू आले तर पैसा येणार. खोदताना खाली लाकडाच्या पोकळ खोडात दोन माणसांची हाडं, सोबत शिशाचा क्रॉस, त्यावर लिहिलेलं की इथे ॲव्हलॉन बेटावर प्रसिद्ध राजा आर्थर पुरलाय. गेराल्ड नावाच्या त्या काळच्या लेखकाने लिहून ठेवलंय की कबरीत एका बाईची सोनेरी केसांची वेणी होती, रंग अगदी ताजा, आणि एका साधूने घाईने ती उचलायला हात लावला तर तिची माती होऊन गेली. हे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, खोटं असेल हे माहीत असूनही.

आणि वेल्श लोकांमध्ये एक श्रद्धा होती की आर्थर मेला नाही, परत येणार आणि आपल्याला सोडवणार. ती कबर सापडली म्हणजे ती आशाच संपली ना. १२७८ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड स्वतः ग्लॅस्टनबरीला गेला, कबर उघडली, हाडं रेशमात गुंडाळून मानाने परत पुरली, आणि चार-पाच वर्षांत त्याने वेल्स जिंकून घेतलं. ज्यांचा वीर त्यांनाच हरवलं आणि वीर मात्र आपला करून टाकला!

इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या जुन्या किल्ल्याच्या दालनात भिंतीवर एक प्रचंड गोल मेज टांगलेली आहे, ओकच्या लाकडाची, साडेपाच मीटर रुंद, एक टनाहून जास्त वजनाची. कडेने २४ सरदारांची नावं, वर आर्थरचं चित्र, मधोमध लाल-पांढरा गुलाब. शेकडो वर्षं लोक मानत होते की हीच ती खरी गोलमेज. लाकडाची वयं तपासल्यावर कळलं की ती तेराव्या शतकातली, आणि रंग आठव्या हेन्रीच्या काळातला, कारण तो मधला गुलाब ट्यूडर घराण्याची खूण. ट्यूडर मूळचे वेल्श. त्यांच्यातल्या सातव्या हेन्रीने १४८६ मध्ये पहिला मुलगा झाल्यावर त्याचं नाव मुद्दाम आर्थर ठेवलं आणि जन्मही विंचेस्टरलाच होईल असं बघितलं. तो आर्थर पंधराव्या वर्षी वारला, त्याच्या विधवेशी धाकट्या भावाने, म्हणजे आठव्या हेन्रीने लग्न केलं, पुढे ते लग्न मोडण्यासाठी पोपशी भांडण झालं आणि १५३४ मध्ये इंग्लंडचं चर्च रोमपासून वेगळं झालं. त्याच वर्षी पॉलिडोर व्हर्जिल या इटालियन विद्वानाचा इंग्लंडचा इतिहास छापून आला, त्यात त्याने ब्रूटसची गोष्ट खरी नाही आणि आर्थरच्या पराक्रमांवरही विश्वास ठेवता येत नाही असं लिहिलं, तर इंग्लंडमधले विद्वान त्याच्यावर तुटून पडले.

आता पांडवलेण्यांशी ताडून बघ. ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपल्या मुलाने, गौतमीपुत्राने शक, यवन, पहलव यांचा बीमोड केला असं ती आई दगडात कोरून ठेवते. ते वाचणारं कुणी उरलं नाही तेव्हा लोकांनी लेण्यांना पांडवांचं नाव दिलं. आपल्याकडे पुरावा होता, गोष्ट नंतर आली. विंचेस्टरला गोष्ट होती, पुरावा नंतर घडवला. मला विचारशील तर तुम्ही सगळ्या ग्रुपने एकदा त्या पायऱ्या चढून जा आणि तिथेच बसून हा वाद परत घाला.

नातवाच्या इंग्रजी शाळेच्या पुस्तकात एक गोष्ट आहे, राजाच्या हातून केक जळतात आणि बाई त्याला रागावते. मला त्याला नीट सांगता येईना. हा राजा कोण? – एक आजी, इंदिरानगर

आजी, तो आल्फ्रेड. आणि तुमच्या घरी सांगायला ही गोष्ट फार छान आहे, केक म्हणण्यापेक्षा भाकरी म्हणा, चुलीजवळ भाजत ठेवलेल्या छोट्या भाकरीच होत्या त्या.

८७८ च्या हिवाळ्यात डेन्मार्ककडच्या व्हायकिंग लोकांनी अचानक हल्ला केला आणि दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्सचा हा राजा जीव वाचवून ॲथेल्नीच्या दलदलीत जाऊन लपला. तिथे एका गुराख्याच्या घरी आसरा घेतला, त्या बाईला हा कोण माहीत नाही, तिने सांगितलं भाकरीकडे लक्ष ठेव, हा राज्याच्या काळजीत बसलेला, भाकरी करपल्या, बाईने फाडफाड सुनावलं आणि राजाने मुकाट्याने ऐकून घेतलं. ही गोष्ट आल्फ्रेडच्या मरणानंतर शंभरेक वर्षांनी पहिल्यांदा लिहिलेली सापडते, तेव्हा घडली असेल असं नाही. पण दलदलीत लपणं खरं आहे, आणि काही महिन्यांतच एडिंग्टनला त्याने व्हायकिंगांचा म्होरक्या गुथ्रम याला हरवलं हेही खरं. हरवून मारलं नाही, त्याला ख्रिस्ती करून स्वतः त्याचा धर्मपिता झाला.

मला आल्फ्रेड मोठा वाटतो तो पुढच्या कामासाठी. त्याने पाहिलं की लॅटिन जाणणारे संपत आलेत, तर महत्त्वाची पुस्तकं लोकांच्या बोलीत, म्हणजे जुन्या इंग्रजीत आणायला घेतली, काहींची भाषांतरं त्याच्या स्वतःच्या नावावर आहेत. आपल्या ज्ञानोबांनी गीता मराठीत आणली ना आजी, त्याच्या चारशे वर्षं आधीची ही गोष्ट. आणि त्याचा नातू ॲथेलस्टन ९२७ मध्ये सगळ्या इंग्रजांचा पहिला राजा झाला, आजोबांचं काम नातवाने पुरं केलं, हे नातवाला नक्की सांगा.

मी नाशिक कोर्टात वकिली करतो. लॉ कॉलेजपासून ऐकत आलोय की मॅग्ना कार्टा म्हणजे सामान्य माणसाच्या हक्कांचा पाया. खरंच तसं होतं का?

वकीलसाहेब, कागद खरा आहे, त्याच्याभोवतीची गोष्ट मोठी आहे. १५ जून १२१५ ला टेम्सकाठी रनीमीडच्या कुरणात जॉन राजाकडून बंडखोर सरदारांनी तो मान्य करून घेतला. आज आपण त्याची ६३ कलमं मोजतो. त्यातली बरीचशी वारसाहक्क, विधवांचे हक्क, जंगलं, सावकारी अशा व्यवहारातल्या गोष्टींची आहेत, नदीतले मासे धरायचे बांध काढून टाका, दारू आणि धान्याची मापं देशभर एकच ठेवा, असलंही त्यात आहे. पण कायद्याशिवाय कुणा मुक्त माणसाला अटक करायची नाही आणि न्याय विकायचा नाही, लांबवायचा नाही, हेही त्यातच, आणि मला तरी यापुढे मान लववावीशी वाटते. फक्त 'मुक्त माणूस' या शब्दात तेव्हाचे बहुसंख्य कुळं-वेठबिगार येतच नव्हते. आणि ऑगस्टमध्ये पोपने तो रद्दही करून टाकला होता! पुढच्या राजांनी तो पुन्हा पुन्हा काढला म्हणून टिकला, आणि सतराव्या शतकात एडवर्ड कोक या कायदेपंडिताने तेव्हाच्या स्टुअर्ट घराण्यातल्या राजांविरुद्ध तो असा काही वापरला की तिथून पुढे तो सगळ्यांच्या हक्कांची सनद झाला.

त्याच काळात अजून एक गोष्ट जोरात होती, नॉर्मन जोखडाची. १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड पडला, नॉर्मंडीचा विल्यम राजा झाला, वीस वर्षांत जमिनी जवळपास सगळ्या त्याच्या माणसांच्या हातात. शेतात गाय राखणारा इंग्रज, म्हणून गाईला 'काऊ' हा इंग्रजी शब्द, आणि ताटातलं मांस खाणारा साहेब फ्रेंच बोलणारा, म्हणून 'बीफ' फ्रेंचमधून. तर १६४० च्या दशकातले बंडखोर म्हणायला लागले की सॅक्सन काळात आम्ही सगळे मोकळे होतो, ते स्वातंत्र्य नॉर्मनांनी हिरावलं, ते परत द्या. राजाशी भांडायला ही गोष्ट फार उपयोगी पडली, पण विल्यमनेच १०८६ मध्ये केलेल्या जमीन पाहणीत साधारण दहातला एक माणूस गुलाम म्हणून नोंदलाय, आणि ती गुलामी सॅक्सन काळातूनच आलेली होती.

तुमच्या कामाची एक गोष्ट. १३६२ मध्ये कायदा झाला की कोर्टात युक्तिवाद इंग्रजीत करा, कारण पक्षकारांना फ्रेंच कळत नाही, आपल्याबद्दल काय बोललं जातंय हेच त्यांना समजत नाही. आणि तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. आपल्या अशिलाला इंग्रजी निकाल कॉरिडॉरमध्ये उभं राहून मराठीत समजावताना हे आठवून बघा.

रॉबिन हूड खरा होता का? – इयत्ता सातवी, सिडको

बाळा, गोष्टींतला हा जंगलात राहणारा लुटारू कुणालाच नक्की सापडलेला नाही. १३७७ च्या सुमाराच्या एका कवितेत पहिल्यांदा त्याच्या गाण्यांचा उल्लेख येतो, म्हणजे तोपर्यंत लोक ती गात होते. जुन्या गाण्यात राजाचं नाव एडवर्ड आहे, सिनेमात दाखवतात तो रिचर्ड त्याला फार नंतर जोडला. आणि तो रिचर्ड दहा वर्षं राजा होता पण इंग्लंडमध्ये राहिला जेमतेम सहा महिने.

माझा मुलगा लीसेस्टरला नोकरीला आहे. फुटबॉलच्या वेळी तिथे घराघरावर पांढऱ्यावर लाल क्रॉसचे झेंडे लागतात म्हणाला, आपला ओळखीचा ब्रिटिश झेंडा नाही. संत जॉर्जचा म्हणे. हा संत कोण? आणि मुलाला तिथे काय बघायला सांगू? – गोविंदनगरहून एक आई

ताई, हा जॉर्ज इंग्लंडला कधी आलाच नाही. परंपरा सांगते की तो रोमन सैन्यातला शिपाई, घराणं आजच्या तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाचं, ३०३ च्या सुमारास ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला म्हणून त्याला मारलं आणि पॅलेस्टाइनमधल्या लिड्डा गावी पुरलं. ड्रॅगन मारल्याची गोष्ट त्याला कित्येक शतकांनी चिकटली. इंग्लंडचे आधीचे संत घरचेच होते, एडमंड नावाचा राजा ज्याला ८६९ मध्ये डेन लोकांनी मारलं, आणि एडवर्ड नावाचा दुसरा एक साधुवृत्तीचा राजा. पण तिसऱ्या एडवर्डला फ्रान्सशी लढायचं होतं, त्याला हातात भाला घेतलेला संत पाहिजे होता, म्हणून १३४८ च्या सुमारास त्याने आपल्या खास सरदारांचा जो मानाचा संघ काढला तो जॉर्जच्या नावाने. जॉर्जिया, इथिओपिया, पोर्तुगाल हेसुद्धा त्याला आपला मानतात. आपला खंडोबा कसा जेजुरीचा, पण कर्नाटकात तोच मैलार म्हणून पुजला जातो आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही, तसंच आहे हे.

झेंड्याचं म्हणाल तर १९६६ मध्ये इंग्लंडने विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे लोक ब्रिटनचाच झेंडा हलवत होते. १९९६ च्या युरो स्पर्धेपासून लाल क्रॉस सगळीकडे दिसायला लागला, स्कॉटलंड, वेल्स आपापलं वेगळेपण सांगत होते तेव्हा इंग्रजांनाही स्वतःचा झेंडा आठवला.

आणि मुलाला लीसेस्टरचं कॅथेड्रल बघायला सांगा, ते बसस्टॉपइतकं जवळ असेल त्याला. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये बॉसवर्थला लढताना मेला, आणि गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते की त्याची हाडं पुढे सोर नदीत फेकून दिली. २०१२ मध्ये शहरातल्या एका कार पार्किंगखाली खणलं तर तो तिथेच होता, मणका वाकडा, कवटीवर घाव, पावलं मात्र नव्हती, नंतरच्या कुठल्यातरी बांधकामात ती गेली असावीत. बहिणीच्या वंशातल्या माणसाशी डीएनए जुळला. पाठ वाकडी होती असं लोक सांगायचे त्यात तथ्य निघालं, नदीची गोष्ट खोटी निघाली. २०१५ मध्ये त्याला कॅथेड्रलमध्ये पुरलं, वर फिकट दगडाची मोठी शिळा आहे आणि तिच्यात आरपार खोल क्रॉस कोरलाय. पार्किंगच्या जागी आता संग्रहालय आहे आणि तो खड्डा काचेखाली जसाच्या तसा ठेवलाय. सुट्टीच्या दिवशी गेला की फोटो पाठवायला सांगा.